कोळशावर पेट्रोल ओतू नका

महोदय,

थंडी पडली की कास-बामणोली रस्त्यावरच्या तंबूंपाशी बार्बेक्यू सुरू होतात. खायला माझीही ना नाही. पण कोळसा लवकर पेटत नाही म्हणून धुमसत्या शेगडीत बाटलीने पेट्रोल ओततात, ते पाहवत नाही. जाळ धारेवरून थेट बाटलीपर्यंत येतो.

माझं साताऱ्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. कोळसा पेटवायला एक नळकांडं पुरतं : साधारण 7 इंच रुंद, फूटभर उंच, बुडापासून 3 इंचांवर जाळी, खाली हवेला भोकं, बाजूला लाकडी मूठ. जाळीखाली कागदाचे बोळे (आपला कालचा अंक चालतो), वर लोणारी कोळसा. कागद पेटला की गरम हवा वर जाते, खालून ताजी ओढली जाते आणि 15-20 मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी पापुद्रा धरतो. मग जाड हातमोजे घालून निखारे शेगडीत ओतायचे. पत्रा काळाच, म्हणजे साधा बिनमुलाम्याचा लोखंडी हवा. गंजत नाही म्हणून गिऱ्हाईक गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला मागतं, मी देत नाही. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो.

रिकामं नळकांडंही गवतावर टेकवू नये, डिसेंबरात वणव्याला तेवढं पुरतं. आणि उबेसाठी शेगडी तंबूत नेणाऱ्यांना तंबूवाल्यांनीच अडवावं. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. बुकिंगचे पैसे घेताना एवढं सांगायला काय हरकत आहे?

– एक फॅब्रिकेटर, सातारा