एका रात्रीपुरता मागे घेतलेला हुकूम

सातारा,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिल्या,

चार महिने पत्र नाही, वर तुझे दोन फोन मी उचललेही नाहीत. रागावला असशील तर ते रास्तच आहे. शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे तसेच. आता न उचललेल्या फोनांचं सांगतो.

मेमध्ये बंड्या लष्करातून रजेवर आला होता. सुधाने पुरणपोळ्या केल्या होत्या, पोरगं जेवायला बसलं आणि फोन वाजला. रजा रद्द. अर्ध्या ताटावरून उठला. रात्री मीच त्याला स्टँडवर सोडलं. बेळगावला ट्रेनिंगला असताना वहिनींच्या हातचं जेवलेलं पोर, म्हणून हे तुलाच लिहितोय. १० तारखेला संध्याकाळी पाकिस्तानशी शस्त्रसंधीची बातमी आली. तो सुखरूप आहे. पण त्यानंतर कितीतरी दिवस फोन वाजला की माझा हात पुढे जाईना.

त्याला सोडून आलो त्या रात्री झोप नव्हती, तेव्हा १९१४ चं पहिलं महायुद्ध कसं पेटलं यावरची माझी जुनी वही काढली. आठवतं ना रंकाळ्यावरचं भांडण? तू म्हणालास, 'दारू ठासून भरली होती, ठिणगी कुणाचीही चालली असती.' मी म्हणालो, 'मग माणसं कशाला होती तिथे?' पंधरा दिवस अबोला, आणि शेवटी भेळेचे पैसे मीच दिले. ते अजून तुझ्याकडे येणे आहेत.

दिल्या, तुझी दारू होतीच; तह होते, आरमारं होती, बाल्कनमधली दोन युद्धं नुकतीच झाली होती. पण २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची बायको मारली गेली आणि ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारलं ते २८ जुलैला. मध्ये अख्खा महिना आहे. रागाच्या भरात घडलं म्हणावं तर राग इतका टिकत नाही. आणि उशिराचं एक कारण वाचून मी वही मिटली. ऑस्ट्रियाचे पुष्कळ शिपाई सुगीसाठी रजेवर गावी गेले होते. त्यांना एकदम परत बोलावलं तर पिकं शेतात राहतील, रेल्वेचा घोळ होईल, शिवाय बेत जगाला कळेल, म्हणून थांबले. कुणाकुणाच्या घरची ताटं अशी अर्धी राहिली असतील?

मग २३ जुलैला, हत्येचा दोष सर्बियावर ठेवून, ऑस्ट्रियाचा सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा खलिता. वेळही निवडून, फ्रान्सचे अध्यक्ष रशियाच्या भेटीहून परतीच्या जहाजावर चढेपर्यंत थांबून. सर्बियाने बहुतेक सगळं मान्य केलं, आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घ्यायला तेवढा नकार दिला. ते उत्तर कैसरने, म्हणजे जर्मनीच्या सम्राटाने, २८ तारखेला सकाळी वाचलं आणि लिहिलं, आता युद्धाला कारणच उरलं नाही. त्याच दिवशी व्हिएन्नाहून युद्धाची तार गेली. ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा कोरा चेक कैसरनेच ५ जुलैला दिला होता, तो वटून गेला होता.

पण मी अडकलोय ते २९ च्या रात्री. रशियाच्या सम्राटाने, झारने, संपूर्ण सैन्य उभं करायचा हुकूम दिलेला. कैसरची तार आली. दोघे नात्यातले, एकमेकांना 'विली' आणि 'निकी' म्हणणारे. झारने हुकूम मागे घेतला. एक रात्र, दिल्या, ते थांबलं होतं! दुसऱ्या दिवशी दुपारी मंत्र्याने आणि सेनापतींनी पुन्हा त्याचं मन वळवलं. लष्करप्रमुख यानुश्केविच तर म्हणाला होता, की हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोन फोडून टाकतो, म्हणजे तो परत फिरवायला कुणी मला गाठू शकणार नाही. १ ऑगस्टला कैसरलाही सैन्य फक्त पूर्वेकडे, रशियाच्या बाजूला वळवायचं होतं, तर त्याचा लष्करप्रमुख मोल्टके म्हणाला, आता जमणार नाही. गाड्यांची वेळापत्रकं पश्चिमेची, फ्रान्सच्या बाजूची होती.

तू म्हणायचास, माणसांच्या हातात काही नव्हतं. त्या एका रात्रीपुरतं होतं रे. मी अजूनही तेच म्हणतो. फक्त रंकाळ्यावर मला ते जिंकायचं होतं. आता तसं काही वाटत नाही, नुसती भीती वाटते.

माडीवरच्या पेटीतला बिल्ला तू पाहिलायस. पणजोबांच्या भावाने साराजेव्होचं नावही ऐकलं नसेल. व्हाइसरॉयने कुणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं आणि १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. तिथल्या कुत गावात त्यांना १४७ दिवस तुर्कांचा वेढा. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांतला आमचा एक परत आलाच नाही. पणजी म्हणे शेवटपर्यंत त्याचं ताट वाढायची. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. त्या रात्री स्टँडवरून परतलो तर सुधाने बंड्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी काही बोललो नाही.

तुझा मोतीबिंदू काढला का? अमृताचं कुठवर आलं? आणि छत गळत होतं ते झालं का पावसाआधी? वहिनींना नमस्कार.

दिवाळीत बंड्याची रजा मंजूर झाली आहे. वहिनींना घेऊन ये. आणि फोन कर, या वेळी उचलेन.

तुझा,
बाळ्या