रविवारी रक्तदाब व साखर तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ ते १० आपल्या सभागृहात रक्तदाब आणि रक्तातील साखरेची मोफत तपासणी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने यावे. ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकदा कसलेच लक्षण दाखवत नाही.

- आधी किमान ८ तास काही खाऊ नका. साधे पाणी चालेल, चहा नको.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशी राहण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.
- रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घ्या.
- अर्धा तास आधीपासून तंबाखू, सिगारेट बंद.
- जुने रिपोर्ट आणा.

नावे शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा. घरातल्या ज्येष्ठांना चालवत नसेल तर तेही लिहा, त्यांची तपासणी घरी येऊन करू.