मगरीचं उघडं तोंड

बडोदा, रविवार दुपार

प्रिय मित्रा,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी मोबाईल समोर ठेवून तो वाजताना बघत बसलो, उचलला नाही. मेसेज टाईप करून पुसले ते वेगळेच. शेवटी म्हटलं पत्रच लिहू, कारण फोनवर आपण दोघंही एकमेकाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि मला यावेळी सगळं बोलायचंय.

राग कशाचा ते तुला माहीत आहेच. मगरीच्या पुस्तकाची 18 चित्रं मी जेवणाच्या टेबलावर मांडली होती, आईने अनारसे तळले होते, वरच्या मजल्यावरच्या मासी, त्यांचा मुलगा, ताई आणि तिच्या सासरची मंडळी सगळे भोवती उभे, प्रत्येक चित्राला सरस छे, सरस छे चाललेलं, आणि तू एकेक कागद उचलून खिडकीपाशी नेऊन बघितलास आणि म्हणालास, "सुबक आहेत रे, पण यातलं एकही जनावर जिवंत वाटत नाही. आणि सगळ्या मगरी चिडलेल्याच का?" सगळे एकदम गप्प. मासींनी पटकन लीलो चिवड्याची वाटी पुढे केली आणि पुण्यात थंडी कशी आहे ते विचारलं. मी हसून वेळ मारून नेली, पण तू गेल्यावर ते सगळे कागद कपाटाच्या वर टाकले ते जानेवारीपर्यंत खाली काढले नाहीत.

तू आता इतकी वर्षं तिकडे आहेस म्हणून तुला विसरायला झालं असेल, इथे तोंडावर कुणी कुणाला वाईट बोलत नाही यार. रिक्षावाला भाई, भाजीवाली बेन, सुटे पैसे नसतील तर "पछी आपजो", नंतर द्या, म्हणून सोडून देतात, दारात आलेल्या माणसाला पाणी आणि जेवलात का हे विचारल्याशिवाय काम काय ते विचारत नाहीत. मला हे फार आवडतं, मी याच्यातच वाढलोय. आणि हे नुसतं गोड बोलणं नाही, ते मी 2024 च्या ऑगस्टमध्ये बघितलं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी गेलं 35 च्या वर, आमच्या तळमजल्यावर पलंगाची गादी भिजली. मासींनी आईला आणि मला चार दिवस वर ठेवून घेतलं, थेपले, छुंदा, खिचडी, जे होतं ते, आणि लाईट नसताना मेणबत्तीवर. माझी जुनी स्केचबुकं पाण्यात गेली होती, त्यांनी त्यातली पानं सुटी केली आणि गच्चीला जाणाऱ्या जिन्यात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक पान टांगलं. शाई पसरलेली, कडेला चिखलाची रेघ, आणि प्रत्येक पान टांगताना त्या म्हणायच्या, "केटलुं सरस छे." आजही ती पानं माझ्याकडे आहेत, लाटेसारखी वाकडी झालेली.

त्या सरसमध्ये चित्राबद्दल काही नव्हतंच रे, ते माझ्याबद्दल होतं. हे मला कळायला दिवाळी जावी लागली.

उत्तरायण झाली, उंधियू-जलेबी खाऊन झाली, झाडांवर पतंगांच्या चिंध्या राहिल्या आणि एका सकाळी मी विश्वामित्रीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. तुझ्यावर चिडूनच गेलो होतो खरं तर, म्हटलं बघूच मगर कशी दिसते. आपण लहानपणापासून त्या पुलावरून कमाटीबागेत गेलो, खाली बघून मगर मगर ओरडलो आणि पुढे खेळणी गाडीच्या लाईनीत. बघितली कधीच नाही. आणि पुस्तकातली चित्रं मी मोबाईलवरच्या फोटोंवरून काढली होती हे तुला मी सांगितलं नव्हतं, पण तुला ते दिसलं असणार.

11 च्या सुमाराला ऊन काठावर आलं तशी एक मोठी मगर चिखलातून वर आली आणि तोंड उघडून पडून राहिली. पाच मिनिटं, दहा, वीस, तोंड तसंच. माझ्या शेजारी प्राणी वाचवणाऱ्या ग्रुपमधला एक मुलगा उभा होता, पावसाळ्यात लोकांच्या सोसायटीत शिरलेल्या मगरी पकडून परत नदीत सोडतात त्यांच्यातला, त्याला विचारलं ही कुणावर चिडलीये. तो म्हणाला, चिडली नाही, अंग तापलं की तोंडातून उष्णता बाहेर टाकते, आरामात आहे ती.

मी तिथेच कठड्यावर वही ठेवली. मी सगळीकडे तोंड आतून लालभडक रंगवलं होतं, ते तर फिकट पिवळट आहे, आपण कोवळ्या मक्याच्या दाण्याचा रंग म्हणतो ना तसं. दात मी करवतीसारखे एका उंचीचे काढले होते, खरे दात लहानमोठे, कुठे झिजलेले, आणि तोंड मिटल्यावरसुद्धा खालचा चौथा दात बाहेरून दिसत राहतो. एक बगळा तिच्यापासून हातभरावर उभा, त्याला काही पडलेलीच नाही. जिवंत वाटत नाही म्हणजे काय म्हणत होतास ते मला त्या पुलावर कळलं. त्यानंतर रोज जातोय, रविवार धरून. पुलावरचे चहावाले, शेंगावाले ओळखायला लागलेत, काकडीची फोड देतात आणि वहीत डोकावतात.

मध्ये सेंट्रल लायब्ररीतही दोनदा जाऊन आलो, मगरीवर वाचायला. सयाजीरावांनी 1910 मध्ये सुरू केलेली तीच, आठवतं का, वरच्या मजल्याची जाड काचेची जमीन आणि खाली उभं राहून वरून चालणाऱ्यांच्या चपलांच्या सावल्या बघायचो आपण? काचेतून उजेड खालच्या कपाटांपर्यंत यावा म्हणून तसं केलंय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि फाइन आर्ट्स कॉलेजच्या मेळ्याचीही खूप आठवण झाली. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी तिथल्या मेळ्यांसाठी लाकूड, चामडं, मणी घेऊन प्राणी बनवलेत, त्यांचे फोटो मी परत काढून बघितले. चार लाकडाचे तुकडे, पण घुबड घुबडासारखं टक लावून बघतं. माणसाने आधी घुबड बघितलंय हे त्यात दिसतं.

आता माझी तक्रार ऐक, ती पण खरी आहे. तू म्हणालास ते बरोबर होतं, पण आईसमोर नको होतं बोलायला. तुला वाटत असेल मित्र आहे, त्यात काय लपवायचं, पण तिसऱ्या दिवशी आईने भांडी पुसता पुसता विचारलं, "त्याला तुझी चित्रं आवडली नाहीत का रे? मग आता पुस्तक नाही होणार?" तिने नोकरी सोडताना मला एका शब्दाने अडवलं नव्हतं, पैशाचं विचारलं नाही, आणि त्या दिवशी तिचा चेहरा बघून मला तुझ्याहून जास्त माझाच राग आला. तुझं बोलणं मला हवंय, तू सोडून मला असं कुणी सांगणार नाही या गावात, पण मला एकट्याला सांग. ओटल्यावर सांग, स्कूटरवर मागे बसून सांग.

किंवा कीर्तिस्तंभाच्या बाजूला सेव उसळीच्या गाडीवर सांग. पुण्यात मिसळ खाताना तुला तिची आठवण येते म्हणाला होतास, मला तर लिहितानाच वास येतोय. वाटाण्याची पातळ उसळ, वर ती जाडी शेव, हिरवी पात, लसणाची चटणी, आणि तर्री संपत आली की तो माणूस न विचारता येऊन पळीभर ओतून जातो, परत संपली की परत. उसळ आपली आणि शेव त्यांची, आपले पणजोबा गायकवाडांच्या नोकरीला इकडे आले तेव्हापासून कुठल्या घरात कोण काय कुणाकडून शिकलं कोण सांगणार. आमच्या घरात आई भाजीला शाकच म्हणते आणि मासी आता मोदकाच्या पाऱ्या आमच्यापेक्षा पातळ करतात.

पुस्तकाचं शेवटचं पान पण मिळालंय मला. आधी शेवट जमत नव्हता, मुलगा घाबरतो आणि पळतो, एवढंच. त्या पुलावरच्या मुलानेच सांगितलं, मगर काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं आतून आवाज करायला लागली की खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. तेच तोंड रे, ज्याला मी 18 चित्रांत लाल रंगवलं. आता शेवटच्या पानावर ते उघडंच आहे आणि दातांच्या मागे पाच-सहा पिल्लं बसलीत, एकाची शेपटी बाहेर लोंबतेय.

जुनी 18 च्या 18 बाजूला काढली, नव्याने 7 झालीत. त्यातली दोन या पाकिटात घातली आहेत, मूळचीच, फोटो नाहीत, घडी घालू नकोस. शेवटच्या पानात पुढच्या पायाचा पंजा जमत नाहीये, पुढे पाच बोटं आणि मागे चार असतात ते मी मोजून काढलंय तरी चिखलात रुतल्याचा भार येत नाही, पाय वरच्या वर ठेवल्यासारखा दिसतो. खिडकीपाशी नेऊन नीट बघ आणि काय चुकतंय ते सांग. रात्री नऊनंतर फोन कर, आई तोवर झोपते, मी ओटल्यावर येऊन बोलीन.

तुझाच