चोवीस शब्द कागदावर? कोकणात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिप्टो नाणी एक्स्चेंजवर (खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात) ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट ही छोटी डबी घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाल्यावर तो चूक म्हणवत नाही. पण त्याच सल्ल्याची पुढची ओळ, ‘वॉलेटचे गुप्त शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवा’, ही घाटावर चालेल. आमच्या किनारपट्टीवर ती चालत नाही, आणि जहाजावर नोकरी करणारी कितीतरी मुले नेमके तेच करून सहा-आठ महिने घर बंद ठेवतात, म्हणून हे पत्र.

वॉलेटच्या डबीत पैसे नसतात. नाणी ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत असतात. डबीत असते ती व्यवहारावर सही करणारी गुप्त किल्ली. वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना त्याच्या पडद्यावर बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द येतात, त्यांतून ती किल्ली केव्हाही पुन्हा उभी राहते. खाऱ्या हवेने यूएसबीचे तोंड गंजले, डबी बंद पडली, तर दुसरी घ्यायची आणि शब्द भरायचे. शब्द गेले आणि मग डबीही बिघडली, तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. तेव्हा जपायचे ते शब्द.

आता कागदाचे पाहा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे जेल पेनची शाई फुटणारच. थर्मल प्रिंट तर नुसत्या उष्णतेनेही उडते. लॅमिनेशन केले तरी कडेने ओल शिरते, आणि वाळवीला प्लॅस्टिकचे वावडे नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-दापोलीकडची छपरे उडवली. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घरादुकानांत शिरले. त्या चिखलातून कागद शोधून वाचणे कोणाला जमले असते?

उपाय स्वस्त आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा तुकडा घ्यावा आणि शब्द त्यावर ठोकून उमटवावेत. ३१६ जातीचे स्टील मिळाले तर उत्तम. बोटींच्या सामानाला तेच वापरतात. ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतात, पण ठोकलेले अक्षर जात नाही. अॅल्युमिनियम मात्र नको, ते ६६० अंशांना वितळते. स्टील साधारण १४०० अंशांपर्यंत टिकते. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे पंच मिळतात, ४ मिलिमीटरचे पुरेत. शब्द पूर्ण ठोकायची गरज नाही. बहुतेक वॉलेटचे शब्द ज्या प्रमाणित यादीतून येतात, ती २०४८ शब्दांची आहे आणि तिच्यात पहिली चार अक्षरे सारखी असलेले दोन शब्द नाहीत. म्हणजे २४ शब्दांना जास्तीत जास्त ९६ अक्षरे. प्रत्येक शब्दाआधी क्रमांक ठोकावा, कारण क्रम चुकला की सगळे चुकले. पंच सरळ धरून, पत्रा ऐरणीवर ठेवून एकच दणका द्यावा. दुसऱ्या घावाला अक्षर दुहेरी उमटते. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा. आणि हे काम स्वतःच करावे. नेमप्लेटवाल्याकडून कोरून घेतले, तर शब्द त्याच्या संगणकात राहिले.

शब्द देवनागरीत लिहू नयेत. ‘उजवा’ या अर्थाचा राइट आणि ‘लिहिणे’ या अर्थाचा राइट, दोन्ही त्या यादीत आहेत. फोटो काढू नये, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवू नये. बारा शब्द मुंबईच्या खोलीत आणि बारा गावच्या घरात, ही हुशारीही नको. त्यात दोन्हीपैकी एक जागा बुडाली की सगळे बुडते. त्यापेक्षा पूर्ण शब्दांच्या दोन पट्ट्या, दोन गावांत, दोन्ही कुलपात. त्या कशाच्या आहेत हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे, कारण इथे बँकेसारखे नॉमिनेशन नसते.

पट्टी तयार झाली की लगेच एक्स्चेंजवरून वॉलेटमध्ये मोठी रक्कम हलवू नये. आधी अगदी थोडी रक्कम पाठवावी. ज्यावर रक्कम यायची तो वॉलेटचा पत्ता मोबाइलवर नव्हे, वॉलेटच्या पडद्यावर पाहून ताडावा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. नेटवर्क, म्हणजे कोणत्या ब्लॉकचेनवरून पाठवायचे ते, दोन्हीकडे एकच निवडावे. ट्रॉन या नेटवर्कवरचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले नाणे) हवे असेल तर पत्ता इंग्रजी टी ने सुरू होतो आणि पुढे ते हलवायला शुल्कापोटी ट्रॉनचे स्वतःचे नाणे, थोडे टीआरएक्सही लागते. ते नसले तर पैसे दिसतात, पण निघत नाहीत. रक्कम आली की वॉलेट मुद्दाम पुसावे. लेजर कंपनीच्या वॉलेटमध्ये तीनदा चुकीचा पिन दिला की ते पुसले जाते, ट्रेझर कंपनीच्या वॉलेटमध्ये सेटिंगमधून पुसता येते. मग पट्टीवरून, हो, पट्टीवरूनच, शब्द भरून तीच रक्कम परत दिसते का पाहावे. बहुतेक जण हे टाळतात, आणि ठोकण्यातली चूक घर सोडून जहाजावर चढल्यावर कळते.

खरेदी कंपनीकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी. खोक्यात आधीच शब्द छापलेले कार्ड आले, तर ते वॉलेट चोराचे समजावे. लेजरच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये फुटली, तेव्हापासून बनावट पत्रे आणि टपालाने आलेल्या बनावट डब्या यांची उदाहरणे आहेत. शब्द मागणारा प्रत्येक फोन, ईमेल, अॅप खोटे. शब्द भरायचे ते फक्त वॉलेटच्या बटणांवर किंवा पडद्यावर. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे, पण ब्लॉकचेनवर गेलेला व्यवहार उलटत नाही.

न वाचता ‘मंजूर’ दाबणाऱ्याला हार्डवेअर वॉलेटही वाचवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती. संगणकाच्या पडद्यावर दिसत होता एक व्यवहार, सही झाली दुसऱ्यावर.

करापासून मात्र ही डबी लपवत नाही. नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर, तोटा वजा होत नाही. एक्स्चेंजवरून काढताना तारीख, प्रमाण आणि मूळ खरेदीची किंमत वहीत लिहून ठेवावी. ती वही कागदाची असली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)