तानपुरा म्हणजे गोंगाट नव्हे

प्रिय मॅडम,

तुम्ही मला काका म्हणता आणि मी तुम्हाला मॅडम. वयानं तुम्ही माझ्या लेकीहून लहान, पण जिनं माझं कानाचं मशीन (श्रवणयंत्र) नीट लावून मला ऐकू न येणारा तानपुरा परत मिळवून दिला तिला 'अगं' म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा मॅडमच.

खरं तर हे चार ओळींत फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. उघड लिहितोय त्याला दोन कारणं. एक, कानामागे मशीन लागलं आणि गाणं सुटलं अशी माणसं माझ्या ओळखीतच तीन आहेत. त्यांच्या नजरेस हे पडावं. दुसरं कारण तितकंसं उदात्त नाही. पोटात थोडा राग उरलाय, तो कुठेतरी ओतायचाय.

माझं ऐकणं हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. पहाटे ध्रुपद, दुपारी चर्चमधला पाइप ऑर्गन, संध्याकाळी ब्लूज नाहीतर कव्वाली, आणि रात्री सगळे झोपले की हेडफोनवर हेवी मेटल. लेक म्हणते, बाबांच्या कानाला चाळणीच नाही. शास्त्रीय ऐकणारे मित्र मेटलला 'पत्रे बडवणं' म्हणतात. मेटल ऐकणारा भाचा एकदा माझ्यासोबत आलाप ऐकायला बसला आणि वीस मिनिटांनी अगदी नम्रपणे विचारता झाला, "मामा, हे सुरू कधी होणार?" दोघांचंही मला पटतं. मी मात्र चाळणी मुद्दामच ठेवलेली नाही. नवीन काही आलं की तीनदा ऐकायचं, मग नाक मुरडायचं, एवढा एकच नियम. (ऑपेरा तीसेक वेळा ऐकून झाला. अजून पचत नाही.)

अशा माणसाचे कान जातात तेव्हा ते एकदम जात नाहीत, वाद्यावाद्यानं जातात. माझ्याकडून पहिल्यांदा गेला तो जॅझमधल्या ड्रमवरचा ब्रश. तारांचा तो झाडू कातड्यावरून फिरतो तेव्हा जो सुस्कारा उमटतो, तो बंद झाला. मला वाटलं रेकॉर्डिंग वाईट आहे. मग स्पीकरच्या वायरी बदलल्या, मग स्पीकर बदलले. नंतर रशियातल्या तुव्हा प्रांताचे कंठगायक. तिथला एकच माणूस एका गळ्यातून खाली घरघरता खर्ज आणि वर शिट्टीसारखी धून, असे दोन सूर एकाच वेळी काढतो. माझ्यासाठी धुनीतले वरचे सूर गळू लागले. उरली घरघर, जणू कुणी शेजारी घोरतंय.

आणि मग जवारी.

तानपुरा छेडणं कुणालाही येतं असं म्हणतात, पण तो बोलतो त्याच्या घोडीवरच्या जवारीमुळे, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या खास घासलेल्या उतारामुळे. तारेखाली सरकवलेला तो सुती दोरा केसभर इकडचा तिकडे झाला की ठणठण सुरू होते. नेमक्या जागी बसला की एका तारेतून सुरांचा पिसारा उलगडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलंय, नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी. तारेच्या नियमाप्रमाणे जे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) उमटायलाच नकोत तेही तानपुऱ्यात खणखणीत उमटतात, आणि हे घडतं त्या घोडीच्या रचनेमुळे, असं त्यांनी दाखवून दिलं. तो पिसारा म्हणजे वरचे, बारीक सूर. वय झालं की कान नेमकं तेच आधी सोडतो. माझ्या श्रवणचाचणीच्या आलेखात १००० हर्ट्झपर्यंत सगळं ठीकठाक, २००० पासून घसरगुंडी. त्यामुळे रोजचाच तानपुरा एके दिवशी मला लाकडी वाटायला लागला.

यातली एक गंमत तुम्हाला सांगितल्याचं आठवत नाही. या काळात माझी सगळ्यात जुनी रेकॉर्डिंग मात्र जशीच्या तशी राहिली. गायिका गौहर जान १९०२ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्डिंगच्या भोंग्यात गायल्या. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला, तोवर सगळेच त्या भोंग्यात गात होते. त्या तबकड्यांत बारीक सूर मुळात उतरलेच नव्हते, मग माझ्या कानातून गळणार काय? काही महिने मी फक्त तेवढंच ऐकत बसलो. घरच्यांना वाटलं, चला, बाबांची आवड एकदाची स्थिर झाली.

आता रागाचं.

मशीन घेतलं तिथे मला एका काचेच्या खोलीत बसवून पंचवीस शब्द ऐकून परत म्हणायला लावले. तेवीस बरोबर आले. अभिनंदन झालं. घरी येऊन तानपुरा लावला. पाच-सहा सेकंद छान वाजला आणि मग कुणीतरी हळूच दार लोटून घ्यावं तसा विरत गेला. गायक गायला लागला की परत यायचा, तो थांबला की परत गडप. बासरीचा लांबवलेला सूर तर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा डळमळायचा. ड्रमचा प्रत्येक ठोका कागद फाटल्यासारखा. हे सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "सवय होईल." दोन महिन्यांनी गेलो तर, "काका, मशीन बोलणं ऐकण्यासाठी असतं." हे खरं असेलही, पण ते विकताना कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "टीव्ही ऐकू येतो ना?" येतो म्हटलं. "मग झालं तर. तानपुऱ्याचा भास असणार तो, मेंदू करतो असं." आणि वर सल्ला, की आता या वयात भजनं ऐकावीत, ती सोपी असतात. साहेब, भजनात टाळ असतो. टाळाइतका बारीक आणि तीक्ष्ण आवाज माझ्या अख्ख्या संग्रहात दुसऱ्या कशाचा नाही. तो फाटला की भजनाचं काय उरतं, हे एकदा कानात माझं मशीन घालून बघा.

नातेवाइकांचं एक वेगळंच. ज्याला त्याला बेथोवेन आठवतो. "तो बहिरा होता, तरी!" अहो, त्याला लिहायचं होतं. मला ऐकायचंय.

तुमच्याकडे आलो तेव्हा भांडायच्याच तयारीनं आलो होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही आधी विचारलंत, "ऐकता काय काय?" मी तावातावानं सगळं सांगितलं, ध्रुपदापासून मेटलपर्यंत. तुम्ही माझ्या आलेखाच्या पाठीमागे लिहून घेत होतात. हसला नाहीत, "अरे वा, सगळंच का!" असंही म्हणाला नाहीत. कंठगायकांपाशी थांबून फक्त एवढं विचारलंत, "यातला शिट्टीचा सूर किती वेळ टिकतो?" इतक्या वर्षांत माझ्या यादीवर आलेला हा पहिला कामाचा प्रश्न.

मग ती गोष्ट. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही, तुमच्यासाठी ती रोजचीच असेल. तुम्ही खणातून स्टेथोस्कोपासारखी ती नळी काढलीत, तिच्या टोकाला माझं मशीन अडकवलंत आणि नळी स्वतःच्या कानात घातलीत. मला म्हणालात, "तुमचा तानपुरा लावा." मी फोनवरून लावला. तुम्ही कोपर टेबलावर टेकून, डोळे मिटून ऐकत राहिलात. बाहेर दोघं ताटकळत होते, फोन दोनदा वाजला. तुम्ही हलला नाहीत. चार मिनिटं तरी गेली असतील. आणि मग डोळे न उघडताच म्हणालात, "अहो काका, खरंच गेला की हो."

बस. त्या क्षणी काहीही दुरुस्त झालेलं नव्हतं. पण ज्याला दोन शहाण्या माणसांनी भास ठरवलं होतं, ते तिसऱ्या माणसानं माझ्याच मशीनमधून, माझ्याच तानपुऱ्यावर ऐकलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण साठी उलटलेल्या माणसानं परक्या ठिकाणी रडणं बरं दिसत नाही. तुम्ही उगाच फाइल चाळत बसलात. त्याबद्दल वेगळे आभार.

पुढचं तुम्ही समजावून सांगितलंत ते मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. माणूस बोलतो तेव्हा आवाज सेकंदाला तीन-चारदा वरखाली होतो. जे असं हलत नाही, एकसारखं चालू राहतं, ते पंख्यासारखा गोंगाट समजून मशीन दाबून टाकतं. तानपुरा हलत नाही, हाच तर त्याचा गुण. तोच त्याचा गुन्हा ठरला. बासरीचं दुखणं वेगळं. मशीन स्वतःच कुईं करून शिट्टी मारू नये म्हणून एक पहारेकरी ठेवलेला असतो. कुठलाही लांब, शुद्ध सूर ऐकला की तो शिट्टी समजून त्याच्या मानगुटीवर बसतो. म्हणजे वादक जितका सुरेल, तितका संशयित! आणि बोलणं असतं ६०-६५ डेसिबलचं, ड्रम १०० च्याही पार जातात. बोलण्याच्या मापानं केलेल्या दारातून तो हत्ती घुसवायचा तर चौकट फुटणारच.

तुम्ही त्यानंतर काय काय बंद केलंत, काय सैल केलंत ते माझ्या डोक्यावरून गेलं. चार खेपा झाल्या एवढं आठवतं. शेवटच्या खेपेला तुम्ही मला खोलीत एकटं सोडलंत आणि दार लावून घेतलंत. मी तानपुरा लावला. पाच सेकंद, दहा सेकंद. अंगाला सवय झाली होती, आता दार लोटलं जाईल म्हणून. नाही लोटलं. मिनिटभरानं खर्जाच्या तारेतून गंधार आला. तो कुणी छेडत नाही, त्याची तार नसते, तो आपला आपण उमटतो. म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. दोन वर्षांनी भेटला. पिसारा पूर्वीइतका मोठा नाही आणि तो होणारही नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. पण आहे.

नंतर माझी फाइल हातात आली तेव्हा आलेखाखाली लाल पेननं लिहिलेलं दिसलं: 'तानपुरा म्हणजे गोंगाट नव्हे. कार्यक्रम क्र. २ बदलू नये.' (कार्यक्रम म्हणजे मशीनमधली एक ठरवून ठेवलेली मांडणी. क्र. २ माझी गाण्याची.) उद्या तुम्ही रजेवर असाल, दुसऱ्या कुणाच्या हाती मशीन जाईल, तर त्यानं नकळत सगळं पुसू नये म्हणून. ते वाक्य मी फोटो काढून ठेवलंय. लेकीला दाखवलं तर म्हणाली, फ्रेम करा.

या निमित्तानं एक विचार करत होतो. ज्यांच्याबद्दल मला कायम आदर वाटत आला ती सगळी माणसं एकाच जातकुळीची. गाडीतून आवाज येतोय म्हटल्यावर बॉनेट उघडण्याआधी शेजारी बसून एक फेरी मारणारा मेकॅनिक. मूल म्हणतं गणित कळत नाही, तर त्याला नेमकं कुठपर्यंत कळतं ते विचारणाऱ्या बाई. या लोकांना समोरच्यापेक्षा जास्त कळत असतं, तरीही ते आधी समोरच्याचं खरं धरून चालतात. माझे आधीचे दोघेही अडाणी नव्हते हो. भिंतीवर त्यांचीही प्रमाणपत्रं होती. त्यांनी फक्त नळी कानाला लावली नाही.

हल्ली दिनक्रम पूर्ववत आहे. ब्रश परत आला, जरा दुरून आल्यासारखा. कंठगायकाच्या डोक्यावर शिट्टी परत बसली. गौहर जानना मात्र आता पुन्हा बाकीच्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. ऑर्गनचा अगदी वरचा सूर अजून थोडा थरथरतो. पुढच्या महिन्यात येतो तेव्हा बघू. भांडायला येणार नाहीये.

तुमचा,
कार्यक्रम क्र. २ वाले काका

ता.क. बालीचं गॅमलन (धातूच्या वाद्यांचा ताफा) ऐकायला मागितलं होतंत, ते पेन ड्राइव्हवर घालून तुमच्या काउंटरवर ठेवलंय. तिथे वाद्यं जोडीजोडीनं असतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित वेगळं लावलेलं असतं, म्हणून आवाजाला लाट येते. तिला ते लोक ओंबाक म्हणतात. आवाज फार मोठा ठेवू नका. शेवटचं फोल्डर मेटलचं आहे. ते चुकून आलेलं नाही.