भुऱ्या आता फुसफुसत नाही

ठाणे, रविवार दुपार

प्रिय अश्वे,

परवा फोनवर तू विचारलंस ना, भुऱ्या अजून घाबरतो का, तेव्हा कुकर आणि चिनूचा क्लास यात धड बोलताच आलं नाही, आत्ता सगळे झोपलेत म्हणून निवांत लिहितेय.

अगं पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. चिनूला खरं तर हिरवा पोपट हवा होता, पण आपल्याकडचे पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून हा भुऱ्या आणला, कॉकॅटील, म्हणजे पोपटाच्याच जातकुळीतला तुरेवाला छोटा पक्षी, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, राखाडी, गालावर केशरी टिकल्या. दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिला आणि रिक्षात घोडबंदर रोडचे खड्डे, हॉर्न, सगळं त्या बिचाऱ्याने अंधारात सोसलं. पिंजऱ्यात सोडल्यावर कोपऱ्यात जो चिकटला तो चिकटला, कुणी जवळ गेलं की तुरा मागे चापून सापासारखा फुस्स करायचा, मला वाटलं तापट आहे.

त्यात आम्ही पिंजरा ठेवला बाल्कनीत, हवा लागेल म्हणून. येऊरच्या बाजूने घारी येतात ना घिरट्या घालायला, आणि वर कावळे, दिवसभर दाण्याला शिवला नाही गं तो. मग पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आजारी नाहीये, भेदरलाय. याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात कारण ही जात दुसऱ्याची शिकार होणारी, समोरून दोन डोळे रोखून बघणारा म्हणजे याला शिकारीच. आणि आम्ही काय करत होतो, तर चौघंही पिंजऱ्याला तोंड लावून भुऱ्या भुऱ्या करत होतो! मला खूप वाईट वाटलं त्या दिवशी.

पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात आणला, दोन बाजूंना भिंत, मागून आईंची जुनी सुती साडी, आणि घरात ठरलं की त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, आत हात घालायचा तो फक्त दाणापाणी बदलायला, तोही सावकाश, बोलत बोलत. खरं काम केलं ते सासूबाईंनी. त्या रोज अकरा वाजता पिंजऱ्याच्या शेजारी पाट टाकून भाजी निवडायला बसायच्या, पाठ अर्धी त्याच्याकडे, तोंडाने काहीतरी पुटपुटत. चार दिवसांनी तो वरच्या दांडीवरून खाली आला. मग जाळीजवळ. आईंनी न बघताच कोथिंबिरीची एक काडी जाळीत खोवून ठेवली, पहिल्यांदा लांब पळाला, दुसऱ्या दिवशी मान वाकडी करून एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिला, एक पाऊल पुढे दोन मागे, आणि शेवटी पानाचा टोकाचा एवढुस्सा तुकडा तोडून मागे पळाला. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास धरून उभी होते.

मग राळ्याचं कणीस हातात धरून बसायला लागलो. एकच नियम, तुरा चपटा दिसला की हात मागे. तुरा अर्धवट सैल असेल तर तो निवांत, एकदम ताठ झाला तर काहीतरी दचकलाय. हे कळायला लागल्यापासून भुऱ्या फुसफुसतच नाही, गरजच पडत नाही ना त्याला. हातावर यायला दीड महिना लागला, लागू दे.

तुझी अन्वी पक्षी मागतेय म्हणालीस म्हणून सांगते, बाहेर काढताना पंखा बंद म्हणजे बंद, आणि खिडक्यांचे पडदे ओढलेले, काच त्यांना दिसत नाही, आमचा एकदा धडकलाय, नशीब लागलं नाही. नॉनस्टिक तवा मी काढूनच टाकला, जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी जातात. आणि रात्री झिरोचा बल्ब चालू ठेव, गच्च अंधारात दचकले की ते पिंजऱ्यात फडफडून स्वतःला लागून घेतात.

आत्ता आईंच्या खांद्यावर बसून चोच चोचीवर घासतोय, कर्र कर्र, झोप आली की करतो असं. माझ्या हातावर येतो, पण खांद्यावर अजून नाही.

दिवाळीच्या आधीच ये, फटाके सुरू व्हायच्या आत. आलीस की पहिला अर्धा तास त्याच्याकडे बघू नकोस, आईंशी गप्पा मार, अन्वीलाही सांगून ठेव. कोथिंबीर मी आणून ठेवते.

तुझीच,
मीनू