पाटी राहिली, उखळ गेलं

मा. संपादक,
स. न.

सोलापुरातल्या नवी पेठेकडच्या आमच्या जुन्या खानावळीची पाटी नव्या मालकांनी उतरवली नाही, याचं सध्या जो तो कौतुक करतोय. मीही केलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. वडील गिरणीत होते तेव्हापासून आमचं तिथं महिन्याचं खातं. त्या जागी मोबाइलचं दुकान आलं नाही, हेच पुष्कळ. हात धुवायची मोरीही आता स्वच्छ असते. पूर्वी नसायची, खोटं कशाला बोला.

परवा जेवायला बसलो. शेंगाभाजी, दोन भाकरी, चटणी. चटणी कोरडी, भुरभुरीत. वाढप्याला म्हटलं, "हा काय, खिचडीतला कूट आणलास?" तो हसला. "काका, उखळ काढलं. मिक्सरवरच होते आता."

आपल्याकडे शेंगा चटणी उखळात कुटतात ती हौस म्हणून नव्हे. मुसळाखाली दाण्याचं तेल सुटतं, लसूण-तिखट त्यात मुरतं, चिमटीत दाबली की बोटं तेलकट होतात. मिक्सरचं पातं दाणा नुसता कापतं.

भाकरीचंही तेच. थापणाऱ्या बाई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. पिठाला नुसता हात लावून विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की आहे ते सांगायच्या, आणि गेली असेल तर उकळतं पाणी घालून मळायच्या. दुसऱ्या महिन्यात त्यांना 'पगार परवडत नाही' म्हणून घरी पाठवलं. भिंतीवरचे जुने फोटो मात्र नव्या फ्रेममध्ये बसवलेत.

नव्या मालकांना तरी किती दोष देणार? त्यांनी पाटी विकत घेतली, पाटी जपली. चूक आधीची आहे, आणि ती आमच्या जुन्या मालकांची, ज्यांच्या हातचं आम्ही आयुष्यभर जेवलो. तिथला आचारी २८ वर्षं चुलीपाशी उभा. खानावळ चालवायला तो तयार होता, पैशाचीही जुळवाजुळव झाली होती.

मी एका वकिलांकडे कारकुनी केली, म्हणून घोडं कुठं अडलं ते कळलं. जागा भाड्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २६ : करारात मुभा नसेल तर भाडेकरूला जागा परस्पर दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, केली तर घरमालक खाली करून मागतो. भाडेकरू वारला की हक्क घरच्यांकडे, वारसांकडे. आचारी यात कुठंच बसत नाही. मालकांची मुलं पुण्यात, त्यांना खानावळ नको होती. त्यांनी घरमालकाशी बोलून जास्त पैसे देणाऱ्याला दिली.

मालक हयात असताना भागीदारीपत्र करून आचाऱ्याला दोन आणे का होईना हिस्सा दिला असता, घरमालकाची लेखी संमती घेतली असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात धंद्याची पतसुद्धा, ज्याला आपण गुडविल म्हणतो, भागीदारीची मालमत्ता धरली आहे. (भागीदारी खरीखुरी हवी, नुसती कागदावरची कोर्टात टिकत नाही.) मी हे दोनतीनदा सुचवलं होतं. मालक म्हणायचे, "गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बसू." वर्षाला एक, अशा सिद्धेश्वराच्या किती जत्रा झाल्या, त्यालाच माहीत.

गावात अजून चारदोन जुन्या खानावळी आहेत, मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वाचनात हे पत्र यावं म्हणून एवढं लिहिलं. जत्रेची वाट पाहू नका, या महिन्यातच वकिलाकडे जा, आणि जाताना आचाऱ्यालाही बरोबर न्या.

त्या बाई आता घरीच कडक भाकऱ्या करून विकतात. रविवारी दहा आणल्या. उखळाचं विचारलं, तर म्हणाल्या, मागच्या बोळात पालथं पडलंय, कुणी नेत नाही.

– एक जुना मेंबर, सोलापूर